धुराड्याबाहेरचा कार्बन : कोल्हापूर परिसरातल्या एका फौंड्रीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तीन औद्योगिक वसाहतींमध्ये बिडाचं ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या दाटीवाटीने उभ्या आहेत. मूळ धंदा शिवाजी उद्यमनगरातला. उसाचे घाणे, ऑइल इंजिनं आणि पंप करता करता इथल्या ओतकामाला हात बसला. आता इथून पुण्याच्या मोटार कारखान्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना आणि परदेशी पंप कंपन्यांना कास्टिंग जातं.

हे प्रकरण अशाच एका मध्यम फौंड्रीचं आहे. नाव आणि वसाहत सांगत नाही. ओळख पटू नये म्हणून कारखान्याचे आकडे गोल केले आहेत, गुणोत्तरं मात्र मूळचीच आहेत. २०२३ ते २०२५ या काळात मी धातुशास्त्राचा सल्लागार म्हणून तिथे जात होतो. काही निर्णय माझ्या सांगण्यावरून झाले आणि त्यांतला एक अर्धवट हिशेबावर झाला. तोही पुढे येईल.

महिन्याला साधारण २५० टन चांगलं कास्टिंग बाहेर पडत होतं. बहुतेक माल एफजी २६० प्रतीचं करडं बीड: पंपाच्या बॉडी, फ्लँज, बेअरिंग हाउसिंग. वितळवायला दोन कुपोला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्ट्या, एक चालू असताना दुसऱ्याचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर. चार्ज, म्हणजे भट्टीत पडणाऱ्या मालाचं मिश्रण, पिढीजात ठरलेला होता. वितळणाऱ्या दर टनात ३५ टक्के पिग आयर्न (धातुकापासून काढलेलं कच्चं लोखंड), ३५ टक्के स्वतःचा परतीचा माल म्हणजे रनर, रायझर (साच्यातल्या वाटांत गोठणारा जादा धातू) आणि रिजेक्शन, उरलेलं ३० टक्के विकतचं भंगार. पिग गोव्यातून किंवा कर्नाटकातल्या कोप्पळ भागातून यायचं. धातूच्या वजनाच्या सातव्या हिश्शाइतका कोक लागायचा.

साच्यात ओतलेल्या धातूपैकी ६८ टक्के भाग कास्टिंगचा आणि बाकी रनर-रायझरचा. शिवाय नऊ टक्के कास्टिंग रिजेक्ट. म्हणजे एक टन विकाऊ माल द्यायला सुमारे १.६ टन बीड वितळवावं लागत होतं. हा १.६ लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्याच्यावर फिरतं.

अडचण

दोन बाजूंनी एकदमच टोचणी लागली होती. पहिली जवळची. वसाहत वाढत वाढत गावाला भिडली होती. कुपोला पेटला की काळा धूर आणि राख, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कण. तक्रारी जायच्या, नोटीस यायची, धूर धुणारा स्क्रबर दुरुस्त व्हायचा आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला तेव्हा कोकच्या गाड्या अडकल्या आणि भट्टी थंड राहिली. त्या दिवसांत गावातल्या एका शिक्षिकेने धाकट्या मालकांना सांगितलं होतं, "चार दिवस खिडक्या उघडून झोपलो." ते वाक्य त्यांच्या मनातून जात नव्हतं.

दुसरी टोचणी लांबून आली. २०२३ च्या सुरुवातीला युरोपातल्या पंप बनवणाऱ्या ग्राहकाने एक तक्ता पाठवला: दर टन कास्टिंगमागे किती कार्बन डायऑक्साइड, आणि तो कशाकशातून. युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन करासाठी उत्सर्जनाची माहिती देणं त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सुरू होणार होतं. आमचे पंपाचे भाग तेव्हा थेट त्या यादीत नव्हते. पण ग्राहकाला स्वतःच्या साखळीचा हिशेब हवा होता, आणि तक्ता कोरा पाठवणाऱ्याकडे पुढची ऑर्डर कशी जाणार, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरात दोन मतं होती. थोरल्या मालकांचं म्हणणं, कुपोलाच सुधारा. धाकटे म्हणत, धुराडं पाडा आणि विजेवरची इंडक्शन फर्नेस लावा, एकदाचं स्वच्छ होऊ. मला बोलावलं ते या वादाचा निवाडा करायला.

पहिला हिशेब

निवाड्याआधी आम्ही पंधरा दिवस नुसतं वजन केलं. गेटमधून आत येणारी प्रत्येक गाडी, भट्टीत पडणारी प्रत्येक बादली, कोकची प्रत्येक टोपली. कारखान्यात वजनकाटा होता, पण तो बिलापुरता वापरला जायचा.

त्यातून दर टन वितळलेल्या धातूमागे असं चित्र निघालं. कोक सुमारे १४३ किलो. एक किलो कोक जळून ढोबळमानाने तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ४३० किलो. हा धुराड्यातून दिसणारा कार्बन.

आता पिग. धातुकापासून झोतभट्टीत एक टन पिग आयर्न करायला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या दर टन चार्जमध्ये ३५० किलो पिग होतं. म्हणजे ७०० किलो. कारखान्यात तो दिसत नव्हता, कारण तो शेकडो किलोमीटर दूर आधीच हवेत गेला होता. पण पिग आम्ही विकत घेत होतो म्हणूनच ते बनत होतं.

दोन्ही आकड्यांना १.६ ने गुणा. एक टन विकाऊ कास्टिंगमागे कोकमधून सुमारे ०.७ टन आणि पिगमधून १.१ टनांहून थोडा जास्त. सगळं भांडण धुराड्यावरून चाललं होतं आणि मोठा वाटा चार्जच्या ढिगात निवांत पडून होता.

इंडक्शनचा हिशेब तर आणखी अवघड निघाला. एक टन बीड वितळवायला, थांबण्याचा काळ धरून, आम्हाला सुमारे ६२० युनिट लागणार होती. भारतीय ग्रिडमधल्या एका युनिटमागे अजून ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे. ६२० गुणिले ०.७ म्हणजे ४३४ किलो. कोकचे ४३०, विजेचे ४३४.

तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा थोरले मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे धूर इथून उचलून चंद्रपूरला ठेवायचा आणि त्यासाठी कर्ज काढायचं." माझ्याकडे त्याला तयार उत्तर नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थोरल्यांचा: दुहेरी झोताचा कुपोला, ज्यात हवा एकाऐवजी दोन ओळींतल्या तुय्यरमधून, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या नळ्यांमधून, जाते. कोक साधारण पाव हिश्शाने वाचतो आणि धातू जास्त गरम मिळतो. देशातल्या छोट्या फौंड्र्यांमध्ये हे तंत्र नव्वदीच्या दशकापासून रुजवलं गेलं आहे. खर्च थोडका, माणसं तीच, दोन महिन्यांत काम. कार्बन ४३० वरून ३२० वर येणार, म्हणजे ग्रिडच्या विजेपेक्षाही कमी! फक्त भट्टीचा हिशेब केला तर थोरले बरोबर होते, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

दुसरा पर्याय ग्रिडच्या विजेवरची इंडक्शन. गावाचा धूर, राख आणि गंधकाचा वास जवळपास संपणार. पण नवा उच्चदाब पुरवठा, ट्रान्सफॉर्मर, वाढीव करारमागणी आणि मोठं कर्ज.

तिसरा पर्याय इंडक्शन आणि सोबत सौर वीज. छपरावर २०० किलोवॅटची जागा होती. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो, म्हणजे २ लाख ८० हजार युनिट. भट्टीची वर्षाची गरज ३० लाखांच्या घरात. छप्पर पूर्ण भरलं तरी दहावा हिस्सा. उरलेल्यासाठी सामूहिक कॅप्टिव्ह प्रकल्पात, म्हणजे अनेक कारखान्यांनी मिळून स्वतःसाठी उभारलेल्या वीज प्रकल्पात, भागीदारी. नियमानुसार वापरणाऱ्यांचा भागभांडवलात किमान २६ टक्के वाटा आणि निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वापर हवा. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या प्रवेशाची, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाची वीज ग्रिडमधून आणण्याची, मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणल्यामुळे आमच्यासारख्यांना हे दार उघडलं होतं.

चौथा पर्याय म्हणजे भट्टीला हातच न लावता आधी रिजेक्शन कमी करणं.

निर्णय कशावर फिरला, तर चार्जवर. लहान, थंड झोताच्या कुपोलात पोलादी भंगार वाढवलं की कोक वाढतो, तापमान टिकत नाही आणि कोकमधलं गंधक धातूत उतरतं. पिगवरचा ११०० किलोंचा बोजा कुपोला ठेवून उतरणार नव्हता. इंडक्शनमध्ये मात्र पोलादाचे तुकडे वितळवून, वरून कार्बन आणि सिलिकॉन देऊन बीड घडवता येतं. पुण्याच्या प्रेस शॉपमधून पत्र्याच्या कातरणाचे गठ्ठे मिळतात, त्यांत मँगनीज कमी आणि माल एकसारखा. म्हणजे इंडक्शनचं खरं समर्थन वितळवण्यात नव्हतंच. पिगवाचून बीड करता येण्यात होतं.

ठरलं ते असं: आधी सहा महिने रिजेक्शनवर काम, त्याच काळात वाढीव वीजभाराचा अर्ज, मग इंडक्शन, मग पिग पायरीपायरीने खाली. छपरावरचं सौर सोबतच. कॅप्टिव्ह भागीदारी भट्टी स्थिरावल्यावर. थोरल्यांनी सही करताना एकच अट घातली, कुपोलावरच्या अकरा माणसांपैकी एकालाही घरी पाठवायचं नाही.

काय केलं : वाळूपासून सुरुवात

एप्रिल २०२३ पासून रिजेक्शनची वही बदलली. आधी तीत "खराब" एवढाच शब्द असायचा. आता पॅटर्न (साचा घडवायचा नमुना), पाळी, वेळ आणि दोष: ब्लोहोल (वायूची पोकळी), मिसरन (अर्धवट भरलेला साचा), वाळू, श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी). तीन आठवड्यांत दिसलं की निम्म्याहून जास्त रिजेक्शन चार पॅटर्नमध्ये आहे, आणि वाळूचे दोष दुपारी तीननंतरच्या साच्यांत दाटतात.

कारण हाताला चटका बसेल इतकं साधं होतं. सकाळी ओतलेल्या साच्यांची वाळू फोडून, न निवता, दुपारी पुन्हा मिक्सरमध्ये जात होती. गरम वाळूतलं पाणी साचा बंद होईपर्यंत उडून जायचं, कडा भुरभुरीत व्हायच्या आणि धातूच्या ओघात कण सुटायचे. प्रयोगशाळेत ओलावा बरोबर दिसायचा, कारण नमुना सकाळचा असायचा. फिरती वाळू वाढवली, परतीच्या वाळूला एक जादा हॉपर दिला आणि दर दोन तासांनी मिक्सरखालचा नमुना घेणं सुरू केलं. सप्टेंबरअखेर रिजेक्शन नऊवरून सहा टक्क्यांवर आलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण यात अनेक जण चुकतात. रिजेक्शन कमी झालं की वितळवण्याचं इंधन, वाळू आणि श्रम वाचतात. पिग वाचत नाही. रिजेक्ट झालेला माल परत भट्टीत जातोच, त्यामुळे एक टन कास्टिंगला बाहेरून आणायचा धातू तेवढाच, एक टनाहून थोडा जास्त राहतो. त्यात पिग किती आणि भंगार किती, हा वेगळा प्रश्न आहे. म्हणून हे काम अत्यावश्यक होतं, पण त्याने मोठा आकडा हलणार नव्हता.

काय केलं : भट्टी बदलली, चार्ज बदलला

वीजभार मंजूर होऊन ट्रान्सफॉर्मर बसायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक टनाची इंडक्शन फर्नेस सुरू झाली.

कुपोलाचे मिस्त्री, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात उभे असायचे. तीस वर्षं त्यांनी तुय्यरच्या काचेतला रंग बघून धातू ओळखला होता, आणि इथे पॅनेलवर आकडे. धाकटे मालक त्यांना म्हणाले, "आण्णा, भट्टी पोरं चालवतील. आत काय पडायचं ते तुम्ही ठरवा." हा त्या दोन वर्षांतला सर्वात चांगला निर्णय होता असं मी मानतो. जस्त चढवलेला पत्रा, रंगाचा लेप, मधूनच लपलेला मिश्रधातूचा शाफ्ट: आण्णा ठिणगीवरून आणि आवाजावरून ओळखत. जस्ताचा पांढरा धूर आणि लायनिंगची झीज यांनी बेजार झालेल्या फौंड्र्या मी पाहिल्या आहेत. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय त्यांच्या नजरेला.

मार्चमध्ये पिग ३५ वरून २० टक्के केलं. काही बिघडलं नाही, उलट ताणशक्ती किंचित वाढली. एप्रिलमध्ये दहावर आलो आणि मे महिन्यात युरोपच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या मशीन शॉपमधून एक आख्खी लॉट परत आली. जाड फ्लँजमध्ये, मशिनिंगनंतर, नखाने ओरखडल्यासारख्या बारीक फटी.

त्या संध्याकाळची बैठक कडू झाली. थोरले मालक म्हणाले, "पिग परत ३० वर न्या. कार्बनचा कागद चाटून कामगारांचा पगार होत नाही." त्यांचा राग रास्त होता. निर्णयाचा खरा क्षण हाच होता: मागे फिरायचं की कारण शोधायचं. आम्ही मधला रस्ता घेतला. जाड पॅटर्नसाठी पिग २० टक्क्यांवर नेलं, पातळ मालासाठी दहावरच ठेवलं, आणि मी पंधरा दिवस मागून घेतले.

फटी नायट्रोजनच्या होत्या. जाड बिडात तो ८०-१०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) पुढे गेला की असं होतं. तो तीन वाटांनी आला होता. पोलादी भंगारात तो मुळातच पिगपेक्षा जास्त. कार्बन वाढवायला आम्ही स्वस्तातला भाजलेला पेट्रोलियम कोक वापरत होतो, त्यात भरपूर. आणि कोअरच्या, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या, रेझिनमध्येही थोडा. पिग होतं तोवर कार्बन त्यातूनच यायचा, म्हणून कार्बुरायझरची, म्हणजे वरून कार्बन देणाऱ्या मालाची, प्रत कुणी विचारली नव्हती. आम्ही ग्राफाइटीकरण केलेला, कमी नायट्रोजनचा कार्बुरायझर आणला. तो बराच महाग, पण पिग आणि भंगाराच्या भावातल्या फरकात सामावला.

दुसरी गोष्ट गंधकाची. कुपोलाच्या बिडात ते नको इतकं असतं, पोलादापासून केलेल्या बिडात हवं त्यापेक्षा कमी. अगदी कमी गंधकात इनॉक्युलेशन, म्हणजे ग्रॅफाइटची बीजं पेरायला शेवटी दिलेली भुकटी, धड लागत नाही, पातळ कडा पांढऱ्या आणि कडक होतात. वेज टेस्टमध्ये, म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून फोडल्यावर, हा पांढरा भाग (चिल) वाढलेला दिसायचा. पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) देऊन गंधक ०.०६ टक्क्याच्या आसपास आणलं. शिवाय चहाच्या सुट्टीत भरलेली भट्टी १५०० अंशांवर तशीच ठेवायची सवय मोडली, कारण जास्त वेळ तापत ठेवलेल्या बिडातली ग्रॅफाइटची बीजं मरतात. जुलैअखेर सगळा माल आठ टक्के पिगवर चालू लागला. रिजेक्शन मधे पुन्हा आठवर चढलं होतं, ते वर्षअखेर पाचवर आलं. रायझर नव्याने आखल्यामुळे साच्यातला कास्टिंगचा वाटाही ७० टक्के झाला.

बोरिंगचा ढीग आणि एक वाचलेला अपघात

आमचंच कास्टिंग ज्या मशीन शॉपमध्ये जात होतं तिथून बिडाची बोरिंग, म्हणजे मशिनिंगचा चुरा, भंगारवाल्याकडे जात होती. कुपोलात सुटी बोरिंग झोताने उडून जाते म्हणून कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. इंडक्शनमध्ये ती थेट घालता येते, आणि तिच्यात कार्बन व सिलिकॉन आधीच असतात. करडं बीड बहुधा कूलंटशिवाय कापतात, त्यामुळे चुराही कोरडा. दोन मशीन शॉपशी बोलून बोरिंग परत घेणं सुरू केलं.

जुलै २०२४, भर पावसाळा. बोरिंगचा ढीग शेडच्या कडेला, वरून ताडपत्री. एका रात्री खालच्या थराला ओल लागली आणि ती बादली अर्ध्या भरलेल्या वितळलेल्या धातूवर ओतली गेली. पाण्याची वाफ क्षणात फुलली आणि धातू छतापर्यंत उसळला. मेल्टर दोन पावलं मागे होता म्हणून वाचला. कुणालाही इजा झाली नाही.

त्या रात्री आम्ही बोरिंग बंद केली. ती पुन्हा सुरू झाली तीन आठवड्यांनी: भिंती असलेली वेगळी खोली, भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाळवण, आणि आण्णांच्या सहीशिवाय बादली हलणार नाही हा नियम. ही खोली पहिल्या दिवसापासून हवी होती. कोल्हापूरचा पाऊस आम्हाला नवीन नव्हता. कार्बन वाचवण्याच्या उत्साहात माणसाच्या जिवाचा विचार एक पाऊल मागे पडला, आणि त्याची जबाबदारी माझ्यावरही आहे.

निष्पत्ती

२०२४ च्या शेवटी मी नवा तक्ता केला. विजेचे ०.६५ टन, पिगचे ०.२४ टन, बेरीज ०.९. आधीचे १.८. निम्मं! ग्राहकाला तो पाठवायच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या खरेदी विभागाच्या मुलीने विचारलं, "सर, फेरोसिलिकॉनची बिलं तिप्पट झालीत, ती कुठे धरलीत?"

कुठेच धरली नव्हती. पिगमधून फुकट येणारं सिलिकॉन आता फेरोसिलिकॉनमधून, म्हणजे लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूमधून, येत होतं, आणि एक किलो फेरोसिलिकॉन करायला नऊ युनिटांच्या आसपास वीज लागते. दर टन धातूला तेरा किलो म्हणजे ११७ युनिट, भट्टीच्या विजेचा जवळपास पाचवा हिस्सा, दुसऱ्याच्या भट्टीत खर्च झालेला. शिवाय क्वार्ट्झमधून सिलिकॉन काढताना जळणारा कार्बन वेगळा. कार्बुरायझरचंही तसंच. पिगमधला लपलेला कार्बन शोधल्याचं समाधान मानणाऱ्या मी तोच प्रकार दुसऱ्या नावाने आत येऊ दिला होता. तक्ता थांबवला. सगळं धरून आधीचे १.९ आणि आताचे १.२, छपरावरची सौर वीज वजा करून १.१. निम्मं नाही, चाळीस टक्क्यांच्या आसपास घट. ग्राहकाला तोच आकडा गेला, हिशेबाच्या पद्धतीसह.

त्यानंतर फेरोसिलिकॉनची खरेदी भूतानकडे वळवायचा प्रयत्न झाला. तिथल्या भट्ट्या मुख्यतः जलविद्युतवर चालतात आणि त्यांचा माल भारतात मोठ्या प्रमाणावर येतो. आता बरीचशी खरेदी तिथली आहे. तिचा फायदा मी अजून तक्त्यात धरलेला नाही, उत्पादकाकडून लेखी आकडा येईपर्यंत धरणार नाही.

गावाच्या बाजूने बदल सरळ आहे. कुपोलाचा धूर थांबला. भट्टीवरच्या हूडचा धूर बॅग फिल्टरमधून जातो. तक्रारी आता आवाजाच्या येतात, रात्रीच्या शॉट ब्लास्टिंगच्या (पोलादी छर्रे मारून कास्टिंग साफ करण्याच्या), आणि त्याही खऱ्या आहेत. अकराही माणसं कामावर आहेत.

एक प्रश्न मला सुटलेला नाही. भंगारावर आम्ही जुना कार्बन शून्य धरतो, तशी पद्धतच आहे. पण प्रेस शॉपचं कातरण मर्यादित आहे. आम्ही ते उचललं म्हणून दुसऱ्या कुणाच्या भट्टीत पिग किंवा धातुकापासूनच केलेलं स्पंज आयर्न वाढलं असेल तर जगाच्या हिशेबात काय वाचलं? बोरिंगबद्दल माझं मन स्वच्छ आहे: ती जवळच्या जवळ फिरते आणि तिच्यातला कार्बन, सिलिकॉन सगळा उपयोगी पडतो. कातरणाबद्दल तितकं नाही. म्हणून चार्जमध्ये बोरिंग १५ टक्क्यांवर आहे ती वाढवायचा आमचा आग्रह आहे, पिग आठवरून शून्यावर न्यायचा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बोरिंग गोळा करणं भट्टीच्या आधी सुरू करायला हवं होतं. मशीन शॉपशी बोलणी, वाळवण्याची खोली, वजनाची वही यांना इंडक्शनची वाट पाहायची गरज नव्हती. भट्टी आली तेव्हा कोरडा साठा तयार असता, तर सुरुवातीला फेरोसिलिकॉन आणि कार्बुरायझर कमी लागले असते आणि कदाचित नायट्रोजनचा फटकाही हलका बसला असता.

पिगची पायरी २० वरून थेट १० ला नको होती. जाड पॅटर्नवर नायट्रोजनची चाचणी बाहेरून करून घेऊन मगच उतरायला हवं होतं. चाचणीचा खर्च परत आलेल्या लॉटच्या वाहतुकीपेक्षाही कमी होता.

कॅप्टिव्ह सौर भागीदारी आम्ही "भट्टी स्थिरावल्यावर" म्हणून पुढे ढकलली. तेव्हा रात्रीच्या विजेवर सवलत होती, म्हणून भट्टीची मुख्य पाळी रात्री लावली, माणसांनी झोप मोडून तिच्याशी जुळवून घेतलं. २०२५ मध्ये राज्यात सवलतीचे तास रात्रीकडून दिवसाच्या सौर तासांकडे सरकू लागले. सुरुवातीलाच दिवसाच्या पाळीचा विचार केला असता तर माणसांचे हाल टळले असते आणि सौर वीजही जास्त खपली असती. पाळ्या बदलण्याचं काम सध्या चालू आहे आणि भागीदारीचा मसुदा बँकेकडे आहे. ती झाली तर विजेचे ०.६५ टन खाली येतील. तोवर १.१ हाच आकडा.

आणि वाळू. दोषांसाठी आम्ही वाळूचा बारकाईने अभ्यास केला, पण बाहेर पडणाऱ्या वाळूकडे पाहिलं नाही. ग्राहकाच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता, हे त्याचं खरं कारण. कारखान्यामागे वापरलेल्या वाळूचा ढीग दोन पुरुष उंच आहे, त्यात बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोळशाची भुकटी आणि कोअरचं जळकं रेझिन. पावसात त्याचं काळं पाणी नाल्यात उतरतं आणि नाला पंचगंगेला मिळतो. पेव्हर ब्लॉक करणाऱ्या एकाला नमुने दिले आहेत, नाल्याच्या पाण्याचे नमुने येत्या पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर घ्यायचे ठरले आहे. बाटल्या आणि तारखांची वही आण्णांकडे दिली आहे.